निंदेचे तीन घास

एका राज्यात कोणाच्या घरी चकमक नव्हती. डोंगराच्या पोटात आगीची विहीर होती. तिचे निखारे नेऊन सारी प्रजा चुली पेटवी. विहिरीची राखण सात पिढ्या रणधवल सरदाराच्या घराण्याकडे होती. पण ती आग दरवर्षी हातभर खाली जात होती, आणि रणधवल हे कोणाला सांगत नव्हता.

राजा निपुत्रिक वारला. रीत अशी, की गादी मागणाऱ्याने शिळेवर उभे राहून बोलावे, आणि ज्याच्या पायांशी प्रजा अधिक फुले ठेवील त्याने राज्य करावे. दुसरीही एक रीत होती. शिळेवरून ज्याची निंदा केली, त्याच्या घरी दिवस मावळण्याआधी जाऊन एक घास खावा.

गादी मागणारे तिघे होते: रणधवल, तरंगवती आणि भास्वान. रणधवल आधी शिळेवर चढला.

"मायबाप हो, तुमच्या आजीची भाकरी कोणत्या आगीवर फुगली? आमच्या. ही तरंगवती म्हणते, वाऱ्याला जुंपीन. वारा काय हिच्या गोठ्यातला बैल आहे? आणि हा भास्वान आरशात ऊन धरणार. आभाळ भरून आले, की तुम्ही आरशात तोंड बघत उपाशी बसा."

प्रजा पोट धरधरून हसली. खालून तरंगवती म्हणाली, "सरदार, घासाला या. चटणी तिखट वाटते."

रणधवल गेला नाही. त्याने सेवक पाठवला. आजोबांनीही तेच केले होते, आणि घराण्यात तीच चाल पडली होती. सेवक दोन्ही घरी जेवून आला. तोच विहिरीतली आग तळाला गेली. एक निखारा तेवढा उरला.

काठावर भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "निंदा तुझ्या तोंडची. घास सेवकाच्या तोंडी कसा चालेल?"

"किती घास राहिले?"

"तीन. दोन तुझे, एक आजोबांचा. रानातल्या धूमा जोगिणीला ते शिळेवरून चेटकीण म्हणाले आणि तिच्या दारी गेले नाहीत. शाप तिचा आहे. आज दिवस मावळला, की हा निखाराही विझेल."

रणधवलाने निखारा लोखंडी पळीत घेतला आणि तो एकटाच निघाला.

तरंगवतीचे चाक वाऱ्यावर फिरे, दगडावर दगड घासे, आणि तापल्या दगडावर ती भाकरी भाजी. आज चाक उभे होते.

"वारा पडलाय," ती म्हणाली. "हसायचे तर हसून घ्या."

तो हसला नाही. अर्धी कच्ची भाकरी त्याने चटणीशी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आले, ते त्याने पुसले नाही.

भास्वानाने आरशांच्या उन्हात भोपळा शिजवला होता. तो घास रणधवलाला आवडला, आणि याचेच त्याला वाईट वाटले.

धूमा जोगीण दारातच बसली होती. तिची चूल गार होती.

"सत्तर वर्षे तुमच्या विहिरीवर मला कोणी उभे केले नाही," ती म्हणाली. "तुझा घास शिजवू कशावर?"

रणधवलाने पळीकडे पाहिले. हा निखारा दिला तर विहीर रिकामी, आणि राखण कसली करायची? शिवाय त्याच्या घराण्याने निखारा कधी कोणाच्या दारी नेला नव्हता. लोक न्यायला येत. सूर्य डोंगराला टेकला होता.

तो गुडघ्यांवर बसला, निखारा चुलीत ठेवला आणि वाकून फुंकू लागला. मिशांवर राख बसली. जाळ धरला.

जोगिणीने भांड्यात तांदळाचा एक दाणा टाकला. भांडे काठोकाठ भरले.

"आजोबांच्या वतीने," म्हणून त्याने घास घेतला.

"सावकाश," जोगीण म्हणाली. "घाई तुझ्या आजोबांना होती."

घास गिळताच डोंगर हलला. विहिरीतून ताडाएवढी ज्वाळा उठली, आणि राज्यातली प्रत्येक चूल आपोआप पेटली.

सकाळी रणधवल पुन्हा शिळेवर उभा राहिला.

"वारा अजून लहरीच आहे," तो म्हणाला. "ढगही कोणाचे ऐकत नाहीत. जुनी आग ती जुनी आग." मग तो दोघांकडे वळला. "तरंगवतीबाई, भास्वानपंत, संध्याकाळी घासाला येतो. मी स्वतः."

"चटणी वाटून ठेवते," तरंगवती म्हणाली.

फुले त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली.

रणधवल राजा झाला. त्याची जीभ काही गोड झाली नाही. पण तो ज्याला टोचून बोले, त्याच्या दारात दिवस मावळण्याआधी राजाचे जोडे उतरलेले दिसत. विहीर काठोकाठ भरली, आणि राज्यात एकही चूल पुन्हा गार राहिली नाही.