दोन खिडक्यांमधली जागा

खिडकी कुणाची असते? जो आत झोपतो त्याची, की जो बाहेरून बघतो त्याची?

एका नदीकाठच्या गावात लुमा नावाचा एक तरुण राहत होता. त्याने हा प्रश्न गावात अनेकांना विचारला. पटेल असं उत्तर मात्र मिळालं नाही.

लुमा चार अक्षरंही धड शिकला नव्हता. एका जागी बसणं त्याला जमत नसे. जेवता जेवता तो उठायचा आणि बोलता बोलता चालायला लागायचा. आईबापामागे थोरल्या भावाने, रायाजीने, त्याला वाढवलं होतं. रायाजी शांत होता. त्याची बायको सगुणा हसरी होती. तिघं काचआळीतल्या अगदी शेवटच्या घरात, नदीच्या वळणावर राहत.

काचआळीतली घरं फार जुनी होती. प्रत्येक घराला नदीच्या बाजूने एक शिसवी खिडकी आणि तिच्यात रंगीत काच. कुठे पिवळी, कुठे हिरवी. लाल काच मात्र एकट्या रायाजीच्या घराला होती. दिवेलागणीला प्रत्येक घर खिडकीत एक दिवा ठेवी. का ठेवायचा, ते कुणी विचारत नसे. सासू ठेवायची म्हणून सून ठेवायची. कुण्या जुन्या राजाचा हुकूम होता की या आळीच्या खिडक्या बदलायच्या नाहीत. लाकूड नाही, काच नाही, काचेचा रंगसुद्धा नाही.

मग नव्या राजाने धान्याचं मोठं कोठार बांधायला काढलं. दगडाच्या गाड्या नदीकाठाने, या खिडक्यांच्या अगदी खालून जाऊ लागल्या. चाकांना लोखंडी धावा आणि खाली फरसबंदी. उजाडायच्या आधी गाड्या सुरू व्हायच्या, लोकांची रात्रीची जेवणं झाली तरी चालूच असायच्या. खिडक्यांची लाकडं वाळून आक्रसली होती. फटींतून वारा येई, धूळ येई, आणि गाडी तर जणू घरातूनच जाई.

त्यातच सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. पोरीचा डोळा लागायचा, गाडी यायची, पोर दचकून उठायची. तिच्याबरोबर सगुणा उठायची. झोपेविना सगुणाचं हसणं गेलं, मग दूध आटत चाललं. सुईण आली, पोरीला हातात तोलून म्हणाली, "माझ्या बटव्यात याला औषध नाही. हिला झोप लागली तर दूध येईल. दूध आलं तर पोर जगेल."

हे ऐकताच लुमाने कोपऱ्यातली पहार उचलली. "ही खिडकीच काढतो. भोक विटांनी बुजवतो."

रायाजीने त्याचं मनगट धरलं. "अरे, आधी कुणाला विचार तरी."

लुमा कोतवालाकडे गेला. "खिडकी बदलायची नाही, हे का?"

"नियम आहे."

"नियम का आहे?"

"नियमाला 'का' नसतो," कोतवाल म्हणाला. "'का' असता तर त्याला सल्ला म्हटलं असतं."

लुमा आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे गेला. म्हातारा म्हणाला, "आळीची शोभा आहे ती, बाळ. येणारेजाणारे बघतात."

"आमची पोर मरायला टेकली तरी शोभा?"

म्हातारा काठी उचलून आत गेला.

लुमा धुसफुसत घरी आला. त्याने वहिनीलाच विचारलं, "वहिनी, खिडकी कुणाची हो?"

सगुणा त्या दुखण्यातही म्हणाली, "ज्याला पुसावी लागते त्याची, भाऊजी. तुमची तर नक्कीच नाही."

रायाजीने चिमाजी सुताराला बोलावलं. चिमाजीने खिडकीच्या फटींवरून अंगठा फिरवला. "जुनीला हात लावू नका," तो म्हणाला. "आतून दुसरी बसवू. काचेचीच, म्हणजे उजेड जाणार नाही. दोघींच्या मध्ये वीतभर जागा मोकळी ठेवायची. आतल्या चौकटीच्या कडेने दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा ठासायचा. बाहेरून कोतवालाला काही दिसणार नाही आणि आत तुम्हाला काही ऐकू येणार नाही."

"रिकाम्या जागेने आवाज कसा अडेल?" लुमाने विचारलं.

"तुझ्या दादाचं बघ की. तू बोलतोस, तो गप्प बसतो. भांडण अडतं ना?"

रायाजी हसला. पण मोठी, सरळ काच या काठाला मिळत नव्हती. ती पैलतीरावरच्या बाजारात मिळायची. चिमाजी चौकट करायला बसला आणि रायाजी काच आणायला निघाला. नावेत पाय ठेवताना तो म्हणाला, "लुम्या, उद्या दिवेलागणीला आलोच. एवढा एक दिवस दम धर."

दम धरणं लुमाला कुणी शिकवलं नव्हतं. दुसरा दिवस उगवला. गाड्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. पोर रडून रडून निळी पडली. मग तिचं रडणंही बारीक झालं. लुमा अंगणात गेला, घरात आला, पुन्हा अंगणात गेला. तिसऱ्या प्रहरी त्याने घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. खिडकीत दिव्याची जागा होती, तिच्यात त्या घड्या घालून कोंबल्या. वरून फळ्या ठोकल्या. फटींत चिंध्या भरल्या. हे सगळं त्याने आतून केलं. बाहेर एक खिळासुद्धा दिसत नव्हता. कोतवाल खालून गेला, त्याने वर बघितलं आणि तो पुढे गेला.

खोलीत अंधार झाला. पण खालून गाडी गेली तेव्हा फक्त जमीन किंचित थरथरली. पोर दचकली नाही. पुढची गाडी गेली. सगुणाचे डोळे मिटले.

दिवेलागण झाली तेव्हा ती झोपेतच पुटपुटली, "दिवा..."

"एक दिवस नाही लावला तर काय बिघडतं, वहिनी? झोपा तुम्ही."

ती झोपली. पोरही झोपली. लुमा भिंतीला टेकून बसला. कितीतरी दिवसांनी तो एका जागी बसला होता. दादा येईल, बघेल आणि म्हणेल, लुम्या, जमलं की तुला. त्या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला हेच हवं होतं.

नदी तिथून हाकेच्या अंतरावर होती. हाका मारल्या गेल्या. आळीतल्या सगळ्यांनी त्या ऐकल्या. लुमाने ऐकल्या नाहीत. लोकांनी मागचं दार बडवलं, तेव्हा तो उठला.

नाव वळणावरच्या खडकावर आपटून फुटली होती. धाकू नावाडी पोहून काठाला लागला होता. रायाजीला पोहता येत नव्हतं.

लोकांनी रायाजीला काठावर आणून ठेवलं. धाकू थंडीने आणि भीतीने कापत होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "लाल दिवा दिसला नाही. मला वाटलं वळण अजून पुढे आहे."

लुमाने त्याला खांद्याला धरून हलवलं. "कसला लाल दिवा?"

"तुमच्या खिडकीतला. पिवळा दिसला की काठ जवळ आला. हिरवा दिसला की वेग कमी करायचा. लाल दिसला की त्याच्या खालीच खडक, नाव बाहेरून काढायची. माझा आजा हेच बघून नाव हाकायचा."

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

धाकू म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. दिवा तर तुम्हीच लावता."

लुमा घराकडे धावला. त्याने नुसत्या हातांनी फळ्या उपटल्या, गोधड्या ओढून काढल्या, नखं मोडली. खिडकी मोकळी झाली. खालून गाडी गेली आणि पोर दचकून उठली.

दुसऱ्या दिवशी कोतवाल चौकशीला आला. तो रस्त्यावर उभा राहिला आणि खिडकी निरखून म्हणाला, "बाहेरून तर काही बदललेलं नाही. नियम मोडलेला नाही."

"नाही मोडला?" लुमाने विचारलं.

"नाही."

लुमाला वाटलं होतं, आपल्याला कुणीतरी बांधून नेईल. कुणी नेलं नाही. तो नदीपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. सगुणा त्याच्याशी बोलत नव्हती. रागाने की दुःखाने, ते त्याला कळत नव्हतं आणि विचारायचं धाडसही होत नव्हतं.

दोन दिवसांनी नदीचं पाणी उतरलं तेव्हा धाकूने गाळातून एक लाकडी खोकं काढलं आणि आणून दारात ठेवलं. आत पेंढ्यात गुंडाळलेली काच होती. नाव फुटली होती, माणूस गेला होता, पण काचेला चरासुद्धा पडला नव्हता. दादाने ती फार नीट बांधून घेतली होती.

लुमा ते खोकं घेऊन चिमाजीकडे गेला. या खेपेला त्याने घाई केली नाही. चिमाजी जेवढं थांब म्हणाला तेवढा तो थांबला. पाय अस्वस्थ व्हायचे, तर तो सुताराच्या दारासमोर येरझाऱ्या घालायचा, पण थांबायचा. चौकट घासून झाली. काच बसली. आतली खिडकी उघडमीट करता येईल अशी बिजागरीवर टांगली. जुनी खिडकी होती तशीच राहिली. दोघींच्या मध्ये वीतभर जागा सोडली. लुमाने त्या जागेत एक छोटा लाकडी पाट बसवला. तो चिमाजीने सांगितला नव्हता.

संध्याकाळ झाली. लुमा नुसताच उभा होता. दिव्याला हात लावायला त्याला भीती वाटत होती. तेव्हा त्या दिवसानंतर सगुणा पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"दिवा लावा, भाऊजी. कुणाचं तरी माणूस येत असेल."

लुमाने वात पेटवली. दोन खिडक्यांमधल्या पाटावर दिवा ठेवला. त्याचा लाल उजेड नदीवर पडला आणि आतल्या काचेतून साधा उजेड पाळण्यावर आला. मग त्याने आतली खिडकी हळूच लावली आणि कडेने नमद्यावरून अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर, पुन्हा एकदा. खालून दगडांची गाडी गेली. पोर हलली नाही. सगुणाने डोळे मिटले. लांब नदीत एक नाव खडकाच्या बाहेरून वळली. दादाने आणलेली काच दादाच्या घराला लागली. दादाचं अर्धं राहिलेलं काम लुमाने पुरं केलं.

तात्पर्य: ज्या गोष्टीचं कारण आपल्याला ठाऊक नाही, ती झाकण्याआधी तिच्याकडे बघत कोण येत आहे ते शोधावं, आणि जो नियम सांगतो त्याने कारणही सांगावं, नाहीतर नियम पाळूनही माणूस बुडतो.