करवंटीत मावेल तेवढं

समुद्राकाठी जिथे वाळू संपते आणि सुरूचं बन लागतं, तिथे कातरिनचं घर होतं. घर कसलं, चिमुकली झोपडीच ती! थंडीतला वारा कुडाच्या फटींतून बिनदिक्कत आत यायचा आणि चुलीपाशी सगळ्यात आधी बसायचा. कातरिनला सगळे कातू म्हणत. बाबा मासेमारीच्या बोटीवर दूर गेले होते. घरात होती आई, कातू आणि तिचा धाकटा भाऊ दुमिंग.

नाताळ उद्यावर आला होता. गावात घरोघरी लाल, निळ्या, सोनेरी चांदण्या टांगल्या होत्या आणि बेकरीतून केकचा खमंग वास सुटला होता. कातूच्या घरात मात्र कुणाचं कशात लक्ष नव्हतं. दुमिंगला मोठा ताप येऊन गेला होता. ताप गेला, पण जाताना पोराची भूकच घेऊन गेला. "आता पोटात अन्न गेलं तरच अंगात जीव येईल," डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दुमिंग? पेजेचा चमचा दिसला की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायचा.

"एकच घास रे, माझ्या राजा," आई म्हणायची. राजा ऐकेल तर शपथ. आई मग पदराने डोळे पुसायची. त्याच्या उशाशी बसून तिचं वाडीतलं काम सुटलं होतं, त्यामुळे पेजही रोज पातळ होत चालली होती.

कातूला आठवलं, गेल्या नाताळात दुमिंगने गावातल्या एका बंगल्याच्या खिडकीतून टेबलावरची आरास पाहिली होती. हिरव्यागार डहाळ्या, मधे लाल लाल फळं आणि त्यात इवलीशी मेणबत्ती. तो टाळ्या पिटत म्हणाला होता, "ताई, आपल्या टेबलावर पण!"

आता घरात टेबलच नाही, त्याला काय करणार? पण माशांचं लाकडी खोकं पालथं घातलं की झालं टेबल! कातूने एक करवंटी घासूनपुसून घेतली, तिच्यात ओली वाळू भरली. फळांच्या जागी चार लाल मिरच्या. मेणबत्तीचा तुकडाही सापडला. उरली फक्त हिरवाई. ती करवंटी घेऊन बनाकडे धावली.

पण पोहोचेपर्यंत सूर्य बुडाला. कातू जागच्या जागी थांबली. आईने सांगितलं होतं, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपलेलं असतं. आजूबाजूला बारा महिने हिरवे असणारे सुरू शांत उभे होते. कातूने खाली पडलेल्या वाळक्या काटक्या तेवढ्या वेचल्या.

तेवढ्यात तिला एक कोवळी फांदी दिसली. वाऱ्याने मोडलेली, नुसत्या सालीवर लोंबकळणारी. ओढली असती तर पटकन हातात आली असती. आरास कशी झकास झाली असती!

"दुखतंय का गं तुला?" कातू हळूच म्हणाली. तिने केसांतली रिबीन सोडली आणि फांदी अलगद जागेवर धरून बांधून टाकली.

लगेच फांदीवर हिरवा हिरवा उजेड लुकलुकला. त्यातून अंगठ्याएवढी परी उतरली! सुरूच्या सुयांचा झुळझुळीत झगा, डोक्यावर सुरूच्या बोंडाचा मुकुट, पंखांवर दवाचे मोती.

"झाडं झोपली की आमची सकाळ होते," परी जांभई देत म्हणाली. "मी सुईपरी. माझी फांदी जोडलीस, म्हणून ही घे." तिने कातूच्या हातात सुरूची एक सुई ठेवली. "हिला दोन सांधे आहेत. एक सांधा मोडलास की एक इच्छा पुरी. पण नियम आहे हं! जे मागशील ते तुझ्या करवंटीत मावलं पाहिजे."

"माझा दुमिंग बरा होऊ दे!" कातू लगेच म्हणाली.

परीचा चेहरा कोमेजला. "बरं होणं फार मोठं असतं, बाळ. ते करवंटीत मावत नाही. ते पावलापावलानेच येतं. नियम मी नाही गं केला. मी केला असता तर टोपली ठेवली असती!"

मग कातूने पहिला सांधा मोडला आणि म्हणाली, "या काटक्या हिरव्या होऊ देत." सळसळ झाली आणि वाळक्या काटक्यांना पाचूसारख्या कोवळ्या सुया फुटल्या. दुसरा सांधा तिने जपून ठेवला. खरं सांगू? तिच्या मनात केकचा एक तुकडा होता. सकाळपासून पातळ पेजेवर होती बिचारी.

घरी आल्यावर तिने खोक्यावर आरास मांडली, मेणबत्ती लावली. झोपडी हिरव्या-सोनेरी उजेडाने भरून गेली. दुमिंगने मान वळवली, किती दिवसांनी हसला! आईने घाईघाईने चमचा पुढे केला. पण ओठ पुन्हा घट्ट मिटले.

आईने चमचा परत भांड्यात ठेवला.

कातूने आईकडे पाहिलं, दुमिंगच्या काडीसारख्या हातांकडे पाहिलं. केकचा वास अजून येतच होता. तिने डोळे मिटले आणि दुसरा सांधा मोडला.

"सुईपरी, एवढीशी भूक दे. माझ्या दुमिंगला."

परी करवंटीच्या काठावर टपकन येऊन बसली. ती फक्त कातूलाच दिसत होती. "अगं वेडे! लोक भूक जावी म्हणून मागतात, आणि तू पातळ पेजेच्या घरात भूक मागतेस?"

"मावेल ना करवंटीत?"

"मावेल गं, मावेल," परी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दुमिंगच्या पोटात गुर्रर्र झालं. त्याने चमच्याकडे पाहिलं. आ केला. एक घास, दुसरा घास आणि मग चक्क, "आई, अजून!"

आई रडत होती आणि हसत होती. बघता बघता अख्खं भांडं रिकामं झालं. "कातू, तुझ्या वाटची पेजही संपली गं," आई चरकून म्हणाली.

"मला कुठे भूक आहे?" कातू म्हणाली. पोट तर कावळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं!

"खोटारडी!" परी खुदकन हसली. "ही तिसरी इच्छा माझी, आणि ती तुझ्यासाठी." तिने मेणबत्तीच्या ज्योतीत गिरकी घेतली. ज्योत हिरवी झाली, सोनेरी झाली, लखलखली आणि त्या लखलखाटात परी विरून गेली.

हिरव्या डहाळ्यांखाली एक गरमागरम केक होता, बरोबर करवंटीएवढा गोल. त्याचे तीन तुकडे केले. सगळ्यात मोठा कुणी पळवला, ते सांगायला नकोच.

आणि बरं होणं? ते परी म्हणाली तसंच पावलापावलाने आलं. आरास मात्र तोवर हिरवीच्या हिरवी राहिली. बाबांची बोट किनाऱ्याला लागली, तेव्हा वाळूतून सगळ्यांच्या पुढे दुमिंग धावत होता आणि ओरडत होता, "बाबा, लवकर घरी चला, मला भूक लागलीय!"