बद्द वाजणारा रांजण

पूर्वी वाराणसीचा राजा आपले राज्य सांभाळीत असताना बोधिसत्त्व त्याच नगराच्या वेशीबाहेर कुंभार होऊन राहत होता. तो रांजण घडवी. वाळवंट ओलांडणारे तांडे ते रांजण पाण्याने भरून नेत आणि सात दिवस त्याच पाण्यावर जगत.

सुरुवातीला चारच माणसे होती. त्यांनी एक रीत पाडली. आव्यात भाजून निघालेला प्रत्येक रांजण बोटाने वाजवून पाहायचा. खणखणीत वाजला तर ठेवायचा. बद्द वाजला तर ज्याचा त्याने तिथेच फोडायचा, आणि बाकीच्यांनी म्हणायचे, ‘बरं झालं!’ इथे फुटला तो वाळवंटात फुटणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे रांजणांचे नाव झाले. चाराचे चाळीस कुंभार झाले. बोधिसत्त्व चाकावर कमी आणि ओसरीवर गिऱ्हाइकांसोबत जास्त बसू लागला. नव्यांना त्याने माती मळायला शिकवले, आवा रचायला शिकवले. रीत मात्र शिकवली नाही. ती आपोआप कळेल असे त्याला वाटले. शहाण्यांनाही असे वाटते.

मग आव्यापाशी फुटण्याचा आवाजच येईनासा झाला. महिनाभर एकही रांजण फुटला नाही. ‘माझे कारागीर आता तयार झाले,’ असे तो येईल त्याला सांगे. तो कौतुकाने असा फुगला होता, की रांजण तेवढा फुगता तर आव्यातच तडकला असता.

एके दिवशी पहाटे तांड्याचा नायक वरुणसेन दोनशे रांजण घेऊन निघाला. दुपारी बोधिसत्त्वाने अंगणात उरलेला एक रांजण जुन्या सवयीने वाजवला. बद्द! त्याचा कानांवर विश्वास बसेना. पुन्हा वाजवला. बद्द! नखाने खरवडले, तर गेरूखालून उन्हाने मऊ झालेले मेण निघाले. मेणाखाली बोटभर लांब तडा होता.

तीनशे माणसे याच रांजणांच्या भरवशावर वाळवंटात शिरणार होती, आणि तिथल्या उन्हात हे मेण पहिल्याच दिवशी वितळणार होते.

“कोणी केलं हे?” तो ओरडला. त्याचा असा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. चाळीस माना खाली गेल्या. आणि बोधिसत्त्व खापर फोडायला एखादे डोके शोधत होता.

तेव्हा पहिल्या चौघांतली मंदारिका नावाची म्हातारी कुंभारीण पुढे आली.

“धनी, चैत्रात वरुणसेन ओसरीवर बसले होते आणि मी एक रांजण फोडला. आठवतं?”

“नाही, काकी.”

“तुम्ही ‘बरं झालं’ म्हणाला नाहीत. म्हणालात, ‘पाहुण्यांसमोरच फोडायचा होता का?’ नवी माणसं शेजारीच उभी होती. त्यांना वाटलं, हीच इथली रीत. दुसऱ्या दिवसापासून तडे बुजायला लागले. तुम्हाला सांगायचा मलाही धीर झाला नाही.”

जे वाक्य बोधिसत्त्वाला आठवतही नव्हते, त्याने तीनशे माणसांना मरणाच्या दारात नेले होते. आणि काकीसारखी काकी त्याला भ्याली होती! हे त्याला सगळ्यांत जास्त लागले.

“गाड्या जुंपा,” तो म्हणाला. “सगळे चला.”

वाळवंटाच्या तोंडाशी शेवटची विहीर होती. संध्याकाळी गाड्या पोचल्या, तेव्हा तांडा रांजण भरून घेत होता. बोधिसत्त्वाने काहीही न लपवता सारे सांगितले. वरुणसेनाचा चेहरा पांढराफटक पडला. “माझी आई आहे या तांड्यात,” एवढेच तो म्हणाला.

कुंभार रांजणांपाशी उभे राहिले, पण हात कोणाचा उठेना. शेवटी नीलक नावाच्या नव्या कुंभाराने आपला रांजण वाजवला. बद्द. तडे बुजवण्यात त्याचाच हात सगळ्यांत साफ होता. त्याने तो भरलेला रांजण ढकलून दिला. पाणी वाळूत पसरले आणि सगळ्यांनी मालकाकडे पाहिले. समोर तेच पाहुणे उभे होते.

“बरं झालं!” बोधिसत्त्व म्हणाला. ते शब्द शेवटच्या बैलगाडीपर्यंत ऐकू गेले.

त्या संध्याकाळी एकसष्ट रांजण फुटले आणि एकसष्ट वेळा ‘बरं झालं’ झाले. शेवटी शेवटी तर वरुणसेनाची आईही त्यात सूर मिसळू लागली. नवे रांजण येईपर्यंत तांडा विहिरीपाशीच थांबला आणि मग सुखरूप पार गेला.

ही कथा सांगून संघाचे गुरू शास्ता भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाची मंदारिका म्हणजे आज या संघातली सर्वांत ज्येष्ठ भिक्षुणी. तो तांडा म्हणजे तुम्ही सारे. नीलक म्हणजे फुटलेलं भिक्षापात्र चिवराखाली झाकून बसलेला तो भिक्षू.” मागच्या रांगेतला एक भिक्षू दचकला. “आणि पाहुण्यांसमोर ते वाक्य बोलणारा कुंभार मीच होतो.”

त्या भिक्षूने हळूच पात्राचे दोन तुकडे बाहेर काढून समोर ठेवले.

“बरं झालं,” शास्ता म्हणाले. “खरं सांगणं ही सत्यपारमिता, सत्यातली पूर्णता. खरं सांगणाऱ्याला भ्यायला न लावणं, हीही तीच.”