काजळी

"एका परटिणीपायी चाळीस वर्षं पाण्यात घालणार, सर?"

इरण्णानं विचारलं. रुद्रगौडा मास्तरांनी मान वर केली नाही. धारवाडच्या आपल्या माडीवर ते चाळीस वर्षं खपून लिहिलेल्या कन्नड वाङ्मयाच्या इतिहासाचं शेवटचं प्रूफ तपासत होते. वय एक्याऐंशी.

इरण्णा त्यांचाच विद्यार्थी. आता मठाच्या प्रकाशनाचा प्रमुख, आणि तसा रुबाबही. मास्तरांचं पुस्तक मठाच्याच छापखान्यात होतं. अडलं होतं एका ओळीवर. मठात रोज सकाळी मूळ स्वामींची म्हणून गायली जाणारी पदं नीलव्वा नावाच्या परटिणीनं रचली आहेत, असं मास्तरांनी लिहिलं होतं.

"ती ओळ काढा. सोमवारी छपाई सुरू."

"नाहीतर?"

"सहाशे पानं घरी परत. मठाला दुखवून कोण छापेल? आणि या वयात तुम्ही कुठं वणवण करणार?"

"मठातल्या जुन्या पोथीत तिचं नाव आहे, तम्मा." धाकट्या भावाला म्हणावं तसं मास्तर त्याला अजून तम्माच म्हणत.

"होतं."

इरण्णानं पिशवीतून ताडपत्राची पोथी काढून समोर ठेवली. "मठानं साफ करून घेतलीय. तुम्हाला दाखवायला दिली. शेवटचं पान बघा."

पान कोरं होतं.

मास्तरांनी पानावरून बोट फिरवलं... मग हसले. चांगले मोठ्यानं.

"मठातले लोक शाई समजले होय रे?"

इरण्णाला कळेना. तो डॉक्टरेट झालेला, शाली-नारळ घेतलेला माणूस; पण काजळीनं हात काळे करायचं काम त्यानं शिकतानाही दुसऱ्यांवर ढकललं होतं. त्या दुसऱ्यांत मीही होतो; मला अजून त्याचा राग येतो.

मास्तरांनी काजळी तेलात कालवली. बोटानं पानभर फासली. पान काळंकुट्ट झालं. मग पंच्याच्या टोकानं हलकेच पुसलं.

लोखंडी लेखणीनं कोरलेल्या खाचांत काजळी बसून राहिली. एकेक अक्षर वर आलं.

"वाच."

"सर..."

"मोठ्यानं."

"ही पदं... परटाघरच्या नीलव्वेची. ऐकली तशी उतरवली."

इरण्णानं पान खाली ठेवलं.

"खरं आहे, सर. मला पटलं. पण मठ छापणार नाही... काही केलं तरी नाही छापणार."

मास्तरांनी सहाशे पानं एकावर एक रचली, सुतळीनं बांधली, गठ्ठा काखेत मारला. सदऱ्याला काजळी लागली. त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि जिन्याच्या तोंडाशी थांबून मागे पाहिलं.

"ज्यानं ते पान कोरलं, त्याचा कुठं छापखाना होता?"