‘जातो’ म्हणालेल्यांची दरी

एका राज्यात, जिथे डोंगर दुपारी पेंगत आणि नद्या एकमेकींना नावाने हाका मारीत, तिथे मेघवाहन नावाचा राजा होता. माणूस चांगला, पण राग नाकाच्या शेंड्यावर. मुलगा हेमध्वज त्याच्याच वळणावर गेलेला.

त्या राज्यात एक रीत फार कसोशीने पाळत. घराबाहेर पडताना कोणी ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. आपणही तसेच म्हणतो, पण सवयीने. तिथे त्याला कारण होते. उत्तरेच्या दरीत कूटाक्ष नावाचा मांत्रिक राही. कोणाच्या तोंडून ‘जातो’ निघाले, की तो शब्द वाऱ्यावरून झेलून तो आपल्या काळ्या दोऱ्यात गाठ मारी. गाठ बसली की तो माणूस भरकटत दरीत येऊन पडे आणि त्याला घरची वाट सापडत नसे.

एके सकाळी बापलेकांचे वाजले. कशावरून, तर एका घोड्यावरून. हेमध्वज तणतणत उठला आणि उंबरठा ओलांडताना म्हणाला, “जातो मी.” राणी सुवेला त्याच्या हातावर दही घालायला धावली, तोवर अंगण रिकामे झाले होते.

राजाने चारी दिशांना स्वार धाडले. ते ‘येतो’ म्हणून गेले आणि रिकाम्या हातांनी आले. प्रधानाने दबकत सुचवले, की आता तसबिरीला हार घालावा. राणीने त्याच्याकडे असे पाहिले, की तो पुन्हा त्या दालनात फिरकला नाही. ती रोज देव्हाऱ्यापुढे बसे आणि म्हणे, तुझ्यावर सोपवला आहे. काही घडत नसे. कधी ती रडे, कधी देवावर चिडे, कधी नुसती बसून राही. पण बसायची चुकली नाही.

एक दिवस कुंपणावर भारद्वाज पक्षी उतरला आणि बोलू लागला.

“राणी, दरीची वाट मला ठाऊक आहे. मांत्रिक तीन कामे सांगेल. ती कोणाच्याने झालेली नाहीत.”

“माझ्याने होतील असे मीही म्हणत नाही,” राणी म्हणाली. “चल.”

राजाला ‘येते’ म्हणून ती निघाली. वाटेत ढग इतके खाली उतरले होते, की ते हातांनी बाजूला सारावे लागत.

कूटाक्षाने तिला पहिले काम सांगितले: चाळणीने पाणी आणून दगडी कुंड भर. ओढ्यापासून कुंडापर्यंत राणी दिवसभर खेपा घालत राहिली. सगळे पाणी वाटेवरच सांडे. हातांची सालटी निघाली, कुंड कोरडेच. शेवटी ती काठावर बसली आणि देवाला म्हणाली, की मला जमत नाही, आता तू बघ. तेव्हा दरीतले धुके हळूहळू सरकत आले, कुंडात उतरले आणि त्याचे पाणी झाले. कुंड काठोकाठ भरले.

दुसरे काम असे, की जिथे कोणी कधी रडले नाही, तिथे उगवणारे निळे फूल आणायचे. राणी काट्यांच्या रानात अनवाणी हिंडली. पण ज्या झाडाला विचारावे, ते म्हणे, इथेही एकजण रडून गेला. अखेर तिचेही डोळे भरून आले, आणि जिथे टिपे पडली तिथेच निळे फूल वर आले.

“हे फूल आसवांवर उगवत नाही,” कूटाक्ष म्हणाला.

“मलाही तसेच सांगितले होते,” राणी म्हणाली. “पण उगवले.”

मग त्याने धुक्याचा पडदा सारला. पलीकडे हेमध्वज उभा होता. आईकडे पाहत होता, पण ओळखत नव्हता.

“तिसरे काम सोपे आहे,” कूटाक्ष गोड आवाजात म्हणाला. “एवढेच म्हण, की देव गेला. मुलगा तुझा.”

राणीने तोंड उघडले. तुम्हाला खोटे कशाला सांगू, ती तसे म्हणणारच होती. दोनच शब्द, आणि लेकरू हाताच्या अंतरावर. पण ‘गेला’ हा शब्द ओठांवर येईना. उभ्या जन्मात देवाबद्दल तो तिने उच्चारलाच नव्हता.

“आमच्याकडे विसर्जनाला देव पोहोचवतानासुद्धा कोणी ‘गेला’ म्हणत नाही,” ती म्हणाली. आपण काय गमावतो आहोत हे तिला दिसत होते. “दुष्काळात आम्ही त्याच्या शिदोरीला कोरडी भाकरी बांधली. तरी पुढल्या वर्षी तो आला. त्याला उशीर होतो, कूटाक्षा. पण तो येतो.”

त्या दरीत ‘येतो’ हा शब्द आजवर कोणी उच्चारलाच नव्हता. तिच्याआधी तिथे आलेले सगळे ‘जातो’ म्हणून आलेले. काळ्या दोऱ्याची एक गाठ सुटली, मग दुसरी, मग सगळ्याच सरसर सुटल्या. कूटाक्षाची विद्या त्या दोऱ्यातच होती. तो सुतळीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिला.

हेमध्वज म्हणाला, “आई.” तिने त्याला पोटाशी धरले. आणि त्याच्यामागून धुक्यातून माणसे येऊ लागली. विणकर, शिपाई, रुसून गेलेल्या सुना, किती पिढ्यांचे कोण जाणे. दरीत कोणाचेच वय वाढले नव्हते.

नगरात एकच गोंधळ उडाला. राजाचा पणजोबा हेमध्वजाहून लहान निघाला, आणि राजाला भर चौकात त्या पोराच्या पाया पडावे लागले. उठताना त्याने हेमध्वजाचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. वाटा पुन्हा जागच्या जागी आल्या, ज्यांची घरे उभी होती ते घरी गेले, आणि उरलेल्यांची पाने राणीने वाड्यात मांडली.

त्यांत विणकराची एक सून होती. पान वाढलेले होते, पण ती घास उचलीना. राणी तिच्याजवळ जाऊन बसली.

“माझी वाट पाहणारे कोणीच उरले नाही,” ती म्हणाली.

“मी पाहत होते, बाळ,” राणी म्हणाली. “तू येणार आहेस, हे तेवढे मला कळले नव्हते.”

मग ती जेवली.