हैबतीचं बोट

"पण माझं चुकलं कुठे, बाई?"

डॉक्टर इंद्रजित विचारत होता. जळीत कक्षात जखम त्याच्याइतकी स्वच्छ कुणी पुसत नसे. हे त्याला ठाऊक होतं आणि इतरांनाही तो विसरू देत नसे.

बाई म्हणजे डॉक्टर मंदाकिनी तेंडोलकर. उभी हयात भाजलेल्या माणसांत गेलेली. त्याला शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"हैबती घरी निघालाय," त्या म्हणाल्या.

हैबती गुळव्या. गुऱ्हाळात रसाच्या उकळत्या काहिलीत त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला होता. आता तो खाटेवर पिशवी भरून बसला होता. असाच गेला तर जखम चिघळणार, हात गमवावा लागणार. हे त्याला सांगून झालं होतं.

"जाऊ दे हात," तो म्हणाला होता. "पर त्यो डागतर नगं."

"मी रीतसरच केलं," इंद्रजित म्हणाला. "ओली पट्टी ठेवायची, वाळू द्यायची, ओढून काढायची. मेलेलं सगळं पट्टीबरोबर निघून येतं."

"रक्त आलं?"

"थोडं. येतंच."

"मेलेल्यातून?"

"तो ओरडतो, बाई. म्हणून मी झटक्यात काढतो. एकदाच काय ते दुखावं."

"म्हणजे दुखणं त्याचं आणि सुटका तुझी."

बाई उठल्या आणि हैबतीच्या खाटेपाशी गेल्या.

"दादा, एक डाव बसा. डावा हात मांडीवर ठेवा. बोट वर केलंत की हा थांबेल. का, ते विचारणार नाही."

"आन् न्हाई थांबला तर?"

"तर मी स्वतः तुम्हाला एस.टी.त बसवून देईन."

हैबतीने पिशवी बाजूला ठेवली, पण तिचा बंद हातातच धरून ठेवला.

"असं केलं तर संध्याकाळ होईल," इंद्रजित हळूच म्हणाला.

"होऊ दे. जखम कुठे पळून जातेय?"

वेदनाशामक औषध दिलं. ते भिनू दिलं. मग इंद्रजितने पट्टीवर सलाइनचं पाणी सोडलं, कड मऊ होऊ दिली आणि चिमट्याने उचलली.

बोट वर झालं.

तो थांबला.

पुन्हा कड उचलली. पुन्हा बोट. पुन्हा थांबला.

त्यानंतर त्याने चिमटा लावलाही नव्हता, तरी बोट वर झालं. इंद्रजितच्या कपाळावर आठी आली. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्याने चिमटा खाली ठेवला.

हैबती त्याच्याकडे बघत राहिला... बराच वेळ. मग बोट खाली आलं. पिशवीचा बंदही सुटला.

"करा," तो म्हणाला.

पुढे त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ओठ दाबले गेले, बोट थरथरलं, पण वर झालं नाही.

इंद्रजित ओल्या बोळ्याने हलकेच पुसत गेला. पिवळं, मेलेलं सुटत होतं. एका जागी खालून गुलाबी, नाजूक नवं मांस दिसलं. तो आपणच थांबला. काल त्याने हेच ओरबाडून काढलं होतं. त्याला लाज वाटली.

"दम घ्या जरा," तो म्हणाला.

"मी घेतलाय दम. तुमी घ्या," हैबती म्हणाला.

नवी पट्टी बांधून झाली. हैबतीने पायाने पिशवी खाटेखाली सरकवली आणि डोळे मिटले.

बाहेर बेसिनपाशी इंद्रजित हात धुवत होता. त्याचं मन अजून जखमेतच होतं.

"कडेला थोडं राहिलं, बाई."

बाईंनी नळ बंद केला.

"माणूसही राहिला."