सूचना नीट वाचा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आली, ती चपला न काढताच आत शिरली. एरवी उंबऱ्याशी थांबून "सर, येऊ का?" असे विचारणारी ही मुलगी. त्या दिवशी तिने खांद्यावरची पिशवी खुर्चीत आदळली आणि म्हणाली, "सर, मी ‘पाठोपाठ’ पुसून टाकणार आहे. आजच. तुम्हाला सांगायला आलेय, विचारायला नाही."

गुरू परातीत गवार निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिले, तिच्या पायांतल्या चपला पाहिल्या, आणि पुन्हा गवारीकडे वळले.

आता ‘पाठोपाठ’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, नाहीतर तिचा राग समजायचा नाही. रुग्णालय असो, पतपेढी असो की शाळा, हल्ली सगळ्यांच्या नोंदी संगणकावरच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे एका मोठ्या कोठारात असतात. ते यंत्र बंद पडले की कोठाराला कुलूप लागते आणि सगळे हातावर हात ठेवून बसतात. म्हणून जाणती माणसे दुसऱ्या यंत्रावर त्या कोठाराची हुबेहूब प्रत ठेवतात. इकडे एक नोंद झाली की तिकडेही आपोआप होते. हे काम करणारी साधने असतात, आणि शिष्येने तसले एक साधन घडवले होते. नोकरी सांभाळून, सणवार बुडवून, घरच्यांची बोलणी खाऊन. शिवाय ते तिने विकले नाही, सर्वांसाठी खुले ठेवले. कोणीही घ्यावे, आतली रचना उघडून पाहावी, वापरावे, आणि छदामही देऊ नये.

त्यात एक गोष्ट अशी होती की ती पाहून तोंडावर कधी कौतुक न करणारे गुरूसुद्धा "वा!" म्हणाले होते. ‘पाठोपाठ’ दोन प्रती ठेवी. पहिली मूळ कोठाराच्या बरोबरीने चालणारी, दुसरी मुद्दाम एक प्रहर मागे राहणारी. कारण माणूस चुकतो. चुकून काही पुसले गेले, तर बरोबर चालणारी प्रत तेही इमानेइतबारे पुसून मोकळी होते. मागून येणारीला मात्र वेळेवर थांबवता येते.

एवढे करून पदरात काय पडले? खुल्या साधनांचा एक मोठा बाजार संगणकावर भरतो. तिथे ज्याला जे साधन आवडेल त्यावर तो एक तारा लावतो, आणि ज्याला तारे जास्त त्याच्याकडे आणखी लोक वळतात. ‘पाठोपाठ’वरचे तारे बोटांवर मोजता येत होते. त्यातला एक गुरूंचा होता आणि एक तिच्या मावसभावाचा, ज्याला हे साधन कशाचे आहे हेही ठाऊक नव्हते.

"काल काय झालं ऐका," शिष्या म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "असलंच साधन विकणारा तो व्यापारी संमेलनात बोलायला उभा राहिला. त्याच्या साधनात काय आहे? नुसता रंग! आत सगळं जुनंच. मी उठून विचारलं, चुकून काही पुसलं गेलं तर काय कराल? हसला माझ्याकडे बघून. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे प्रत असते! आणि सगळं सभागृह माझ्यावर हसलं, सर. ज्याला प्रश्नच कळला नाही त्याला टाळ्या! नंतर चहाच्या वेळी एकजण मला म्हणतो, तुम्हीपण असं काहीतरी करून बघा की. असं काहीतरी! मी!"

"झालं सांगून?"

"नाही झालं. हे जग आंधळं आहे. ह्या जगासाठी मी माझी उमेदीची वर्षं जाळली, त्याची मला चीड येते. कुणाला नकोय ना? मग नसू दे. एक कळ दाबते आणि संपवते."

"संपव. तुझं आहे ते," गुरू म्हणाले. "पण आधी एक प्रहर इथं बस. माझ्याकडे एक बाई यायच्या आहेत. तू त्यांच्या मागं बसायचंस आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. काही झालं तरी. मग जा आणि काय पुसायचं ते पूस."

शिष्येला हा काय प्रकार ते कळेना. पण गुरूंचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. ती धुमसत भिंतीशी जाऊन बसली.

थोड्याच वेळात त्या बाई आल्या. शेडगेबाई त्यांचे नाव. त्याच गावात थॅलेसेमिया झालेल्या मुलांसाठी एक केंद्र चाले. या मुलांना जगण्यासाठी काही आठवड्यांनी बाहेरचे रक्त चढवावे लागते. त्या केंद्राचे संगणक शेडगेबाई सांभाळत, आणि कामात त्या चोख होत्या. गुरूंनी टेबलावर तीन जुनी यंत्रे मांडून ठेवली होती. "ही माझी विद्यार्थिनी, बसेल मागं," एवढीच त्यांनी ओळख करून दिली. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते साधन आज माझ्यासमोर बसवून दाखवा. मी मदत करणार नाही."

"तेच ना, ‘पाठोपाठ’?" शेडगेबाईंनी चष्मा लावला.

शिष्या ताठ बसली. आपल्या साधनाचे नाव परक्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

बाई सूचना मोठ्याने वाचत एकेक पायरी करू लागल्या. हात सराईत होते. पहिल्या पायऱ्या बिनबोभाट पार पडल्या. मग त्यांनी एक आज्ञा दिली आणि पडद्यावर दोनच शब्द उमटले: प्रवेश नाकारला. बाईंनी अक्षर अन् अक्षर पडताळून पुन्हा दिली. प्रवेश नाकारला. यंत्र बंद करून चालू केले, सूचना पहिल्यापासून वाचल्या. प्रवेश नाकारला.

शिष्येच्या लक्षात आले. ती ओळखीची फाईल! दोन्हीकडच्या यंत्रांनी एकमेकांना ओळखावे म्हणून एक छोटी फाईल आधी स्वतः तयार करून ठेवावी लागे. तिने ती अगदी सुरुवातीलाच आपल्या यंत्रावर केली होती, आणि तेव्हापासून ती तिथेच होती. कोऱ्या यंत्रावर ‘पाठोपाठ’ बसवण्याची वेळ तिच्यावर पुन्हा कधी आलीच नव्हती. सूचनांमध्ये त्या फाईलचा उल्लेख करायचा राहून गेला होता. ती अर्धवट उठली. गुरूंनी न बोलता गवारीची परात उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"सर, दिवाळीच्या आधीही मी इथंच अडले होते," शेडगेबाई वैतागून म्हणाल्या.

"मग कुणाला विचारलं नाहीत?"

"विचारलं की! ज्यानं हे बनवलंय त्यालाच विचारलं. तिथं प्रश्न टाकायची सोय असते. उत्तर काय आलं माहितीय? ‘सूचना नीट वाचा.’ एवढंच. आणि प्रश्न बंद करून टाकला. माझे केस ह्या कामात पिकले, सर. सूचना मला वाचता येतात. पण मग वाटलं, असेल, हे आपल्यासारख्यांसाठी नसेल."

शिष्येच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे उत्तर तिने कितीजणांना दिले होते, तिला आठवेना.

"मग त्या व्यापाऱ्याचं घेतलं," बाई बोलत राहिल्या. "त्याचा माणूस आला, शेजारी खुर्ची ओढून बसला, दुपारपर्यंत सगळं चालू करून गेला. म्हणाला, आता प्रत आहे ना, मग तुम्ही दर आठवड्याला नोंदींचा वेगळा साठा काढून ठेवता तो कशाला? बंद करा. आम्ही बंद केला. आणि मग मीच चुकले. चाचणीसाठी घातलेल्या खोट्या नोंदी पुसायच्या होत्या. फक्त त्याच पुसायच्या अशी अट घालायची राहिली. सगळ्याच गेल्या. दुसऱ्या यंत्राकडे धावले, तर तिथंही सगळं साफ. पापणी लवायच्या आत."

"काय होतं त्यात?" गुरूंनी विचारले. त्यांना ते माहीत होते.

"काय नव्हतं? सारखं परकं रक्त घेऊन ह्या पोरांच्या अंगाला काही काही रक्त सोसत नाही, सर. कुणाला कोणतं चालत नाही, ते सगळं त्यात होतं. आता एकेका पोराचं रक्त पुन्हा काढून तपासतोय. आसावरी म्हणून एक आहे, तिची शीर लवकर सापडत नाही. परवा इतकं टोचलं तिला, की तिनं रडायचंसुद्धा सोडलं. नुसती माझ्याकडे बघत राहिली." बाईंनी चष्मा काढला. त्यांना आता राग आवरेना. "मागून चालणारी प्रत! दिवाळीआधी वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, आपल्याला हेच पाहिजे. ते असतं तर एक टोचणी लागली नसती पोरीला. ज्यानं कोणी बनवलं ना, तो मोठा हुशार असेल. पण दारातच हाकलायचं होतं, तर चारचौघांत मांडून ठेवलंय कशाला?"

परात जमिनीवर आली, शेंगा विखुरल्या. "ते मी बनवलंय," शिष्या म्हणाली.

शेडगेबाई वळल्या. "तुम्ही?"

"हो."

"म्हणजे ‘नीट वाचा’ असं..."

"मीच लिहिलं."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि तिच्याकडे पाहिले. ती नजर शिष्येला सोसवेना आणि ती गुरूंवर उलटली. "तुम्हाला माहीत होतं! मग मला सांगायचं होतं. एक ओळ लिहायची राहिली होती, एक ओळ! आणि मी फुकट राबते, सर. दिवसभर नोकरी करून आल्यावर कुणाकुणाला उत्तरं देत बसू?"

तेव्हा गुरू रागावले. शिष्येने त्यांना असे रागावलेले कधी पाहिले नव्हते.

"सांगितलं असतं, तर तू ती एक ओळ लिहिली असतीस आणि जग आंधळं आहे म्हणत पुन्हा मोकळी झाली असतीस! तुला कुणी पाहिलं नाही म्हणतेस? ह्यांनी पाहिलं. त्या व्यापाऱ्याच्या आधी तुला पाहिलं. जे त्या भरल्या सभागृहात एकाला कळलं नाही, ते ह्यांना एकटीनं वाचून कळलं. आणि तू त्यांना काय दिलंस? तीन शब्द! अशा आणखी किती आल्या असतील आणि मुकाट परत गेल्या असतील, देव जाणे. घर सगळ्यांना खुलं आहे म्हणून सांगितलंस आणि आतून कडी घातलीस. ती तुला दिसली नाही, कारण तू कधी बाहेर उभी राहिलीच नाहीस. व्यापाऱ्यावर चीड. चिडायलाच हवं. त्यानं खोटी हमी दिली, आणि ते चारचौघांत सांगायला मीही तुझ्याबरोबर येईन. फुकट राबतेस हेही खरं; थकलीस तर थकले म्हणून लिही, कुणी तुला खाणार नाही. पण त्याचा माणूस ह्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. तुझं साधन त्याच्यापेक्षा सरस असून ते कुणाच्या कामाला आलं नाही, ह्याचा राग तुला कधी आला? तारे मोजताना तरी आला?"

गुरू वाकून शेंगा गोळा करू लागले.

शिष्या उठली. ती उंबऱ्याशी गेली, चपला काढल्या आणि परत आली. बाईंच्या हातातून कळफलक घ्यावा असे तिच्या मनात आले असणार, कारण तिचा हात पुढे झाला होता. तो तिने मागे घेतला. शेजारी खुर्ची ओढली.

"एक फाईल आधी तयार करावी लागते, ती कशी ते सांगते," ती म्हणाली. "मग पहिल्यापासून करा. जिथं अडेल, जिथं शब्द कळणार नाही, तिथं मोठ्यानं बोला. मी सूचना बदलत जाते."

बाई पुढे आणखी अडल्या. एका ठिकाणी तर शिष्येचे वाक्य खुद्द शिष्येलाच समजले नाही, आणि तेव्हा बाईंच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आले. दिवेलागणीला दोन्ही प्रती चालू झाल्या. शेडगेबाईंनी आसावरीच्या नव्या तपासणीची नोंद घातली. ती पोचायची वाट बघत प्रहरभर बसायला नको म्हणून मागची प्रतही मुद्दाम तिथवर आणून ठेवली, पुन्हा प्रहरभराचे अंतर सोडले, आणि मग स्वतःच्या हाताने ती नोंद पुसली. मूळ कोठारातून ती गेली. बरोबरच्या प्रतीतून गेली. मागच्या प्रतीत मात्र होती. आसावरी, आणि तिला न सोसणाऱ्या रक्ताची नावे. बाईंनी त्या नावावर बोट ठेवले.

"हे तेव्हा हवं होतं," त्या म्हणाल्या.

"हो," शिष्या म्हणाली. यापेक्षा अधिक बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही हे तिला कळले होते.

बाई गेल्यावर गुरूंनी विचारले, "प्रहर कधीच उलटला. पुसायचं होतं ना?"

शिष्येने कळफलक पुढे ओढला. तिने दिवाळीआधीचा तो बंद केलेला प्रश्न शोधून काढला आणि पुन्हा उघडला. आपले जुने उत्तर तिने पुसले नाही, ते सर्वांना दिसेल असेच राहू दिले. त्याखाली तिने लिहिले: "तुम्ही सूचना नीटच वाचल्या होत्या. मी नीट लिहिल्या नव्हत्या."